लायोल, ओपिनेल आणि बाकीचे: फ्रेंच खिशातला चाकू हातात घेऊन कसा बघायचा

प्रश्न थोडक्यात असा होता: मेहुण्याने पॅरिसहून येताना 'लागुइओल' नावाचा घडीचा चाकू आणला, लाकडी डबीत, पाठीवर धातूची माशी बसलेली, पात्यावर नुसतं नाव आणि परत एक माशी. तो ओरिजिनल आहे का? लोक असल्या एका चाकूला पंधरा-वीस हजार का मोजतात? आणि स्वतःच्या पैशाने पहिला फ्रेंच चाकू घ्यायचा तर कुठला घ्यावा?

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा टूलरूमचा माणूस, सगळं आयुष्य डाय आणि फिक्श्चरमधे, म्हणजे कारखान्यातले साचे आणि पकडी बनवण्यात गेलं. मधे एका प्रोजेक्टसाठी अडीच वर्षं फ्रान्समधे क्लेरमों-फेरांला होतो आणि तिथून पाऊण तासावर तिएर हे गाव आहे, जिथे पाचएकशे वर्षांहून जास्त काळ चाकू-सुऱ्याच बनतायत. रविवारी करायला दुसरं काही नसायचं म्हणून मी जुन्या बाजारातून दोन-चार युरोला तुटके चाकू उचलायचो आणि खोलीवर बसून उघडायचो. ती खोड अजून गेली नाही. आता पुण्यात घरच्या गॅलरीत एक छोटी ऐरण, बारीक हातोडी, कानशी आणि धारेचे तीन दगड आहेत, ओळखीपाळखीचे लोक चाकू पाठवतात, मी दुरुस्त करून देतो.

पहिलं म्हणजे उच्चार. 'लागुइओल' नाही, 'लायोल'. तो ग लिहायचा, बोलायचा नाही. दक्षिण फ्रान्सात आव्हेरों जिल्ह्यात ओब्राक नावाचं उंच पठार आहे, नुसतं गवत, दगड, वारा आणि गुरं, त्यावरचं हे एक छोटं गाव. आता गंमत अशी की चाकूच्या बाबतीत हे नाव कुणा एका कंपनीचं नाही. 'लायोल' हा चाकूचा प्रकार झालाय, आपल्याकडे 'कोल्हापुरी' म्हटलं की चपलेचा प्रकार डोळ्यासमोर येतो तसं. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणीही कुठेही चाकू बनवायचा, माशी चिकटवायची आणि लायोल म्हणून विकायचा असं चालू राहिलं. चीनमधे बनलेले, पाकिस्तानात बनलेले, सगळे लायोलच. १९९३ मधे गावाबाहेरच्या एका माणसाने तर हे नाव कितीतरी वस्तूंसाठी स्वतःच्या नावे रजिस्टर करून टाकलं, मग गाव कोर्टात गेलं आणि ते भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं. २०१२ मधे गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरवली होती.

म्हणून 'ओरिजिनल आहे का' हा प्रश्न लायोलच्या बाबतीत जरा वाकडा पडतो. कुणाच्या हातचा आहे हे विचारा. चांगला बनवणारा पात्यावर स्वतःचं नाव घालतो, मग तो लायोल गावातला असो की तिएरचा. आणि हो, तिएरचा लायोल म्हणजे डुप्लिकेट असं समजू नका, गावातला धंदा विसाव्या शतकात बसत गेला तेव्हा हा चाकू तिएरच्या लोकांनीच जिवंत ठेवला. लायोल गावात चाकू परत नीट सुरू झाले ते १९८० च्या दशकात, १९८७ मधे तिथे फोर्ज द लायोल हा कारखाना निघाला, ज्याच्या छपरातून १८ मीटरचं पातं आभाळात घुसलेलं आहे, फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरचं डिझाईन. मला स्वतःला ते जरा जास्तच वाटतं पण लांबून गाव ओळखू येतं हे खरं.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे नुसतं नाव, नुसती माशी, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, वर डबी भारी, तुमचा चाकू बहुतेक बाहेरून आलेला टुरिस्ट माल आहे. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, तुमच्या हातात आहे तर आपण बघूच.

दिवसा खिडकीपाशी जा. चाकू बंद ठेवून पाठ डोळ्यासमोर धरा आणि उजेडाकडे बघा. पाठीवर मधोमध जी पट्टी दिसते ती स्प्रिंग, तिच्या दोन्ही बाजूला पातळ पत्रे, त्यांच्यावर मुठीच्या फळ्या. स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामधून उजेड दिसतो का? चांगल्या चाकूत केसाएवढी फटसुद्धा नसते. मग त्याच पाठीवरून नख फिरवा, चाकू बंद असताना एकदा आणि उघडा असताना एकदा. दोन्ही वेळेला स्प्रिंग पत्र्यांच्या लेव्हललाच पाहिजे, नख अडकता कामा नये. वाचायला सोपं वाटतंय पण हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण उघडताना पात्याची टाच, म्हणजे पिनेजवळचं मागचं टोक, स्प्रिंगला वर ढकलते आणि शेवटी स्प्रिंग परत खाली बसते, ती दोन्ही टोकांना बरोब्बर त्याच उंचीवर बसायची तर टाचेचा आकार कानशीने घासून घासून जमवावा लागतो. एक घासा जास्त गेला की ते पातं वाया.

नंतर चाकू समोरून बघा, बंद पातं दोन पत्र्यांच्या मधोमध आहे का एका अंगाला कललंय. उघडून पात्याचं टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा, खुळखुळ नको. आणि शेवटी आवाज. लायोलचं पातं बंद करताना सोडून दिलं तर 'टक्' होतो, तो आवाज ऐकायला छान आहे म्हणून नवीन लोक दहादा करतात आणि बऱ्याच चाकूंमधे प्रत्येक टक्ला धार आतून स्प्रिंगवर आपटत असते. दोन महिन्यांनी धारेवर एक बारीक खाच पडते आणि मग माझ्यासारख्याकडे 'धार लवकर जाते हो' म्हणून चाकू येतो. धार गेलेली नसते, तुम्ही तोडलेली असते. पातं शेवटपर्यंत बोटाने धरून हळू बसवायचं, बास.

माशीचं म्हणाल तर तिच्यावर फार जीव लावू नका. नेपोलियनने गावाला शौर्याबद्दल मधमाशी बहाल केली ही गोष्ट प्रत्येक दुकानदार सांगतो आणि ती खोटी आहे, पहिले लायोल नेपोलियन गेल्यावरचे आणि माशी तर १९०८-०९ च्या सुमाराला आली. फ्रेंच कारागिरांच्या बोलीत स्प्रिंगच्या त्या टोकालाच 'मूश' म्हणजे माशी म्हणतात, मग वर फूल कोरलेलं असो नाहीतर काहीच नसो. बघायचं एवढंच की माशी स्प्रिंगच्याच लोखंडातून ठोकून काढलेली आहे का वेगळी बनवून वर जोडलेली. जोडलेली असेल तर भिंगातून सांध्याची रेघ दिसते. जोडलेली म्हणजे वाईट असं नाही पण घडवलेल्या माशीचे पैसे घेऊन जोडलेली देत असतील तर तो प्रश्न आहे. तसंच स्प्रिंगच्या पाठीवर जी नक्षी असते ती हाताने कानशीने केलेली असेल तर भिंगाखाली थोडीफार वरखाली दिसतेच. साच्यातली नक्षी एकसारखी आणि कडांना गुळगुळीत.

आता हा चाकू मुळात आहे कशासाठी. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो, हिंदी सिनेमातला व्हिलन, खटका, पुढचं सगळं. फ्रान्समधल्या खेड्यात घडीचा चाकू म्हणजे जेवायची वस्तू. माणूस जेवायला बसला की खिशातून स्वतःचा चाकू काढणार, पाव, चीज, सॉसेज कापणार, जेवण झालं की पातं पावाच्या तुकड्याला पुसणार, तो तुकडा खाणार आणि चाकू परत खिशात. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो ते आजोबा घरातसुद्धा टेबलावरची सुरी वापरायचे नाहीत, ड्रॉवर भरून होत्या तरी. मला आमचे आजोबा आठवायचे, ते कुणाकडे सुपारी खायची तरी अडकित्ता स्वतःचाच काढायचे.

लायोलचा इतिहासही असाच पोटापाण्याचा. ओब्राकच्या गुराख्यांकडे आधी कापुशादू नावाची साधी, न मिटणारी सुरी होती. हिवाळ्यात पठारावर काम नसायचं तेव्हा तिथली माणसं मजुरीला स्पेनकडे जायची आणि येताना तिकडचा नाव्हाहा हा घडीचा चाकू घेऊन यायची. या दोन्हीच्या मिश्रणातून १८२९ च्या सुमाराला काल्मेल्स घराण्यातल्या लोहाराने पहिला लायोल केला असं मानतात. बारीक कंबरेची मूठ, किंचित वळसा असलेलं निमुळतं पातं. १८४० च्या आसपास त्यात एक जाड टोच्या आला आणि हे ऐकून आपल्या गावाकडच्या माणसाला लगेच कळेल, गाय ओला लसूणघास जास्त खाऊन फुगली की तिच्या डाव्या कुशीत टोचून गॅस काढतात ना, त्यासाठी. आपल्याकडे डॉक्टर त्यासाठी ट्रोकार वापरतात, तिकडे गुराख्याच्या खिशातच होता. मग १८८० च्या सुमाराला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला कारण तोवर आव्हेरोंची माणसं पॅरिसला जाऊन कॅफे चालवायला लागली होती. पॅरिसमधे कॅफेवाला म्हणजे आव्हेरोंचा असं समीकरण, जसं मुंबईत उडपी हॉटेल. टोच्याकडून बुचाकडे, गोठ्यातून कॅफेत, अख्ख्या गावाचं स्थलांतर एका चाकूत वाचता येतं.

मुठीवर बारीक खिळ्यांचा एक क्रॉस असतो, गुराख्यांचा क्रॉस म्हणतात. चर्चपासून लांब माळावर असले की चाकू पावात उभा खोचून त्याच्यासमोर प्रार्थना करायचे असं सांगतात. दुकानदारी गोष्टींमधली ही मला तरी पटण्यासारखी वाटते, पण पुरावा मागू नका.

तुमच्या पैशांच्या प्रश्नाकडे येतो आणि त्यासाठी तिएरला जावं लागेल. गाव डोंगराच्या उतारावर, खाली द्युरोल नावाची छोटी पण जोरात पडणारी नदी. आसपास ना लोखंडाची खाण ना चांगला धारेचा दगड, लोखंड बाहेरून यायचं, दगड बाहेरून यायचे, गावाचं स्वतःचं असं फक्त पाणी. त्या पाण्यावर घण चालायचे आणि धारेची चाकं फिरायची. धार काढणारा माणूस चाकाच्या वर आडव्या फळीवर पालथा झोपायचा, तोंड खाली, हातात पातं, खाली ओला दगड गरागरा फिरतोय. थंडीत नदीकाठच्या त्या ओलीत दिवसभर असं पालथं पडायचं, म्हणून पायावर कुत्रा झोपवायचे, ऊब राहावी म्हणून. खोटं वाटेल पण फोटो आहेत. दगडाचा पिवळा चिखल अंगावर उडून कपडे पिवळे व्हायचे म्हणून या लोकांना 'पिवळ्या पोटाचे' असंच नाव पडलं. ज्या कुणाला 'हस्तकला' या शब्दाने गहिवरून येतं त्याने द्युरोलच्या काठची ती एखादी जुनी झोपडी बघून यावी, एका टप्प्याचं काम लोक आयुष्यभर कसं करायचे ते कळतं. कारण तिएरची पद्धतच ती, घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा, मुठीच्या फळ्या घरी बसून करणारे वेगळे आणि शेवटी जुळवणारा वेगळा. आजही फ्रान्समधे बनणाऱ्या चाकू-सुऱ्यांचा मोठा वाटा याच खोऱ्यातून येतो.

महाग लायोलमधे मात्र शेवटची जुळवणी एकाच माणसाकडे असते, सुट्या भागांपासून तयार चाकूपर्यंत. मी एका छोट्या वर्कशॉपमधे एका बाईंच्या टेबलाशी दोन तास उभा होतो. पन्नाशीच्या असतील, चष्मा कपाळावर. त्यांनी पातं, स्प्रिंग, पत्रे कच्च्या पिनांवर बसवले, उघडझाप केली, उजेडाकडे धरलं, परत सगळं सुटं केलं. पात्याच्या टाचेवर कानस, तीन घासे, मोजून तीन. परत जोडलं. पातं डावीकडे अंगुळभर नाही, कागदभर कललेलं होतं. मी टूलरूमवाला, माझ्या डोक्यात लगेच शिम (फटीत घालायचा पातळ पत्रा) आणि सरफेस ग्राइंडर (सपाट घासायचं मशीन) आलं. बाईंनी पातं ऐरणीवर ठेवून टाचेजवळ हातोडीचा एकच ठोका दिला आणि ते मधे आलं. मी विचारलं कसं कळलं किती जोरात मारायचं, तर म्हणाल्या चुकीचं मारून कळलं. असे ठोके, घासे, जोड-सोड धरून एका पात्याच्या साध्या लायोलला शंभरावर टप्पे होतात, बूच काढायचा स्क्रू असेल तर अजून कितीतरी जास्त, कारण मग दोन वस्तू एकाच स्प्रिंगवर तोलायच्या. पैसे त्याचे आहेत. शंभर-दीडशे युरोचा चाकू आणि वीस युरोचा चाकू यात पोलादाचा फरक असतो पण तो थोडा, खरा फरक त्या बाईंच्या दोन तासांचा.

वरून मुठीचं सामान. शिंग असेल तर टोकाकडचं भरीव शिंग महाग, बुडाकडचं पोकळ असतं ते तापवून दाबून सपाट करतात आणि ते पुढे हवामानाने वाकायला बघतं. लाकडात जुनिपर घेतलात तर वर्षानुवर्षं खिशात वास येतो, मिरीसारखा. ऑलिव्ह, अक्रोड, बक्सवुड ही सगळी चांगली. चारशे युरोच्या पुढचं जे असतं, मॅमथचा दात, लहरींच्या नक्षीचं दमास्कस पातं, त्यात मला रस नाही. ते कपाटात राहतं.

आता तिसरा प्रश्न, पहिला कुठला घ्यावा. ओपिनेल ८ नंबर. डोळे मिटून. दहा-पंधरा युरोची वस्तू आहे आणि मी पन्नास चाकू हाताळल्यावरही रोज वापरायला तोच काढतो. आल्प्समधल्या सावोआ प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मधे तो केला, वडिलांचा अवजारं बनवायचा धंदा होता, १८९७ मधे १ ते १२ नंबरची साइझची रांग केली. १ फारच चिमुकला आणि ११ हा १० आणि १२ च्या मधे उगाच, म्हणून १९३५ मधे ते दोन काढून टाकले. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. पात्यावर मुकुट घातलेला हात आहे, तो सेंट जॉन बाप्टिस्टचा आशीर्वादाचा हात, कारण जवळच्या सें-जां-द-मोरिएन गावच्या चर्चमधे त्याची बोटं जपून ठेवलेली आहेत म्हणतात, आणि मुकुट सावोआच्या सरदारघराण्याचा.

या चाकूत स्प्रिंगच नाही. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा एक तुकडा, त्यात एक चीर, तोंडाला लोखंडी पट्टा, एक आडवी पिन आणि पातं. १९५५ मधे त्यावर फिरणारी कडी आली, पातं उघडून कडी फिरवली की पातं मिटत नाही. पाच भाग, संपलं. लायोलमधे कारागीर स्प्रिंगशी जे भांडतो ते सगळं भांडण ओपिनेलने टाळून टाकलंय आणि इंजिनियर म्हणून मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. अर्थात याचा एक तोटा आहे आणि तो पुण्यामुंबईत जूनमधेच कळतो: लाकूड ओलीने फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं, नखाने उघडतच नाही. तिकडच्या लोकांची युक्ती अशी की कडी मोकळी करून मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं स्वतःच्या वजनाने थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं. कोकणात राहत असाल तर नवीन असतानाच पात्याची पिन न काढता चिरेत आतून बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि जवसाचं तेल पाजा, दोन-तीन दिवस सुकू द्या. एवढं केलं तर पावसाळा निघतो.

पातं साध्या पोलादाचं घ्यायचं का स्टेनलेस? साधं पोलाद घ्या, जर तुमच्या घरी विळी कधी काळी वापरली असेल तर त्याचं काय होतं तुम्हाला माहितीये. कैरी कापली की काळी पडते, पुसली नाही की गंज. पण धार, आहाहा. आणि दगडावर पाच मिनिटात परत येते. माझ्या ओपिनेलवर पहिल्या आठवड्यात कैरी, लिंबू, कांदा असं सगळं कापून निळसर-काळा थर चढवला, तो थर चढला की लाल गंज तेवढा धरत नाही. एक मात्र आहे, नवीन कोऱ्या पात्याने कापलेल्या सफरचंदाला सुरुवातीला लोखंडाची चव लागते, घरचे नाकं मुरडतात. त्यांच्यासाठी एक स्टेनलेसचा ठेवा.

ओपिनेल घेऊन वर्ष झालं आणि हौस टिकली तर मग नोंत्रों बघा. नैऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर प्रांतातलं गाव, बक्सवुडची पिवळसर मूठ, तिच्यावर तापलेल्या लोखंडाने डागून काढलेली नक्षी, उलटा व्ही आणि तीन ठिपके. तोंडाशी फिरणारी पितळी कडी. मूठ कधी गोलाकार बुडाची, कधी माशाच्या शेपटीसारखी. शोभेसाठी हे लोक इतके चिमुकले चाकू करतात की अक्रोडाच्या टरफलात अर्धा डझन मावतात. आणि गंमत म्हणून एक दूक-दूक घ्या: तिएरच्या कोन्ये घराण्याने १९२९ मधे पॅसिफिक बेटांवर विकायला केला, मूठ म्हणजे नुसता दुमडलेला पोलादी पत्रा, त्यावर मेलानेशियातल्या एका भुताचं चित्र, आणि तो सगळ्यात जास्त खपला कुठे तर अल्जेरियात. त्याची स्प्रिंग इतकी कडक असते की नख तुटेल, सांगून ठेवतो.

लायोल घ्यायचाच असेल तर तो तिसरा-चौथा म्हणून घ्या, तोवर हाताला कळायला लागलेलं असतं. बनवणाऱ्याचं नाव असलेला, एकच पातं, लाकडी मूठ, साधी. बूच काढायचा स्क्रू तुम्हाला लागणार नाही.

देखभालीचं पटकन सांगतो कारण इथेच लोक चाकू मारतात. यातला कुठलाही चाकू सिंकमधे भिजत टाकायचा नाही. मी स्वतः सुरुवातीला हे केलंय, बाजारातून घेतलेला शिंगाच्या मुठीचा एक जुना चाकू, सांध्यात शंभर वर्षांची घाण, म्हटलं गरम पाण्यात साबण घालून रात्रभर ठेवू. सकाळी शिंगाची एक फळी केळीच्या सालीसारखी वर उचलली गेलेली. ती पुन्हा कधी बसली नाही, आता तो चाकू ड्रॉवरमधे आहे, मला नम्र ठेवायला. घाण साफ करायला खिशातल्या चाकूत एक थेंब तेल आणि दाताचा ब्रश पुरतो. तेल केमिस्टकडे मिळतं ते लिक्विड पॅराफिन वापरा, खाण्याच्या वस्तूला चालतं आणि खवट होत नाही. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि सांधा चिकट होतो. चामड्याच्या पाऊचमधे ठेवून विसरू नका, चामडं ओल धरतं, पावसाळ्यात पात्यावर पाऊचच्या शिवणीचा छाप उठलेला मी बघितलाय.

धार लावायला रस्त्यावरच्या मशीनच्या चाकावर देऊ नका. त्या कारागिराशी माझं वाकडं नाही, कोयता, विळी त्याच्याकडेच द्यावी. पण हे पातं पातळ असतं, कोरड्या चाकावर दोन सेकंदात टोक निळं होतं आणि निळं झालं म्हणजे त्या जागचं पाणी उतरलं, तिथे परत धार कधी टिकणार नाही. हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) एक दगड घ्या, पातं जवळजवळ आडवं ठेवा, पाठ दगडापासून एकावर एक ठेवलेल्या दोन-तीन नाण्यांएवढीच वर, दोन्ही बाजूंनी सारखे हात, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या मागच्या बाजूवर दहा-बारा वेळा उलटं, म्हणजे पाठ पुढे ठेवून, ओढायचं. कागद कापून बघण्यापेक्षा पिकलेला टोमॅटो कापून बघा, वजन न टाकता साल फाटलं पाहिजे.

प्रवासात विमानाच्या हातातल्या बॅगेत यातलं काही ठेवू नका, ओपिनेलचा चिमुकला नंबरसुद्धा, चेक-इन बॅगेत टाका. आणि फ्रान्समधे स्वतः फ्रेंच माणसालासुद्धा कारण नसताना खिशात चाकू घेऊन फिरायला कायद्याने मनाई आहे, जंगलात मशरूम शोधायला किंवा पिकनिकला निघालात तर गोष्ट वेगळी. म्हणजे आजोबांची ती रोजची सवय कागदोपत्री गुन्ह्याच्या बाजूला झुकते, यावर ते बरंच काही बोलायचे, ते इथे लिहीत नाही.

राहिला तुमचा चाकू. फट असेल, माशीला जोड असेल, पातं हलत असेल तरी फेकू नका. पिन सैल असेल तर मुठीच्या फळ्या आणि ऐरण यांच्यामधे काहीतरी मऊ घेऊन पिनेच्या डोक्यावर बारीक हातोडीने चार हलके ठोके मारले की अर्धा खुळखुळाट जातो, जमणार नसेल तर ओळखीच्या घड्याळवाल्याकडे न्या, त्याचा हात हलका असतो. धार लावा आणि फळं कापायला वापरा. अजून एक, चाकू भेट म्हणून घेतला की मैत्री तुटते असं फ्रान्समधे मानतात, म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो. मेहुण्याला एक रुपया देऊन टाका. आणि तो किती युरोला पडला ते तेवढं विचारू नका.